शेतकऱ्याच्या भातावर उभा राहिलेला पक्ष



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते १९५५ साली गोव्याच्या सरहद्दीवर गेलेल्या सत्याग्रहींपैकी एक. म्हणून यंदा बोलायला सांगितल्यावर मला विषय शोधत बसावे लागले नाही. गोव्यात साडेचारशे वर्षे ठाण मांडून बसलेले पोर्तुगीज आफ्रिकेतही होते. तिथून त्यांना घालवण्यासाठी ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांतली मला सर्वांत कसलेली वाटणारी संघटना एका अगदी लहान देशात जन्मली. देशाचे नाव गिनी-बिसाऊ. पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांहून थोडा मोठा. लोकसंख्या आज वीस लाखांच्या आसपास. संघटनेचे नाव ‘गिनी आणि केप व्हर्दे यांच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष’. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून जग तिला पीएआयजीसी म्हणते. नावातला दुसरा देश, केप व्हर्दे, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, अटलांटिकमधली दहा बेटे. क्षेत्रफळ गोव्यापेक्षा किंचित जास्त.

१९७५ ते १९८० ही पाच वर्षे या एका पक्षाचे दोन स्वतंत्र देशांत राज्य होते. पुढे पक्ष फुटला. बेटांवरच्या तुकड्याने निवडणूक हरून सत्ता सोडली, दहा वर्षांनी निवडणूक जिंकून ती परत मिळवली आणि पुन्हा हरून पुन्हा सोडली. मुख्यभूमीवरच्या तुकड्याच्या वाट्याला बंडे, खून आणि बरखास्त्या आल्या. नेते एकाच मुशीतले, राष्ट्रगीतसुद्धा एक. मग वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? आज मला याबद्दल बोलायचे आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. पक्षाला लोकांकडून असे काही हवे असते, जे लोक नाकारू शकतात. जोवर ते हवे असते, तोवर पक्ष लोकांचा राहतो. ती गरज संपली की पक्षाच्या नावात, ध्वजात आणि हुतात्म्यांच्या यादीत काहीही असले, तरी तो लोकांचा राहत नाही.

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल. लिस्बनच्या सरकारने १९५४ साली गिनी, अंगोला आणि मोझांबिक या तीन वसाहतींसाठी एक कायदा केला. त्यानुसार तिथला आफ्रिकी माणूस जन्माने नागरिक नव्हता. पोर्तुगीज भाषा नीट बोलता येते, पोटापुरती मिळकत आहे, वर्तन चांगले आहे, हे सिद्ध केले तरच तो नागरिक होई. गिनीच्या पाच लाखांच्या वस्तीत अशा परीक्षेला उतरलेले मूळ आफ्रिकी, १९५० च्या शिरगणतीप्रमाणे, दीड हजारही नव्हते. बाकीच्यांनी कर द्यायचा, वेठबिगारीवर जायचे आणि सरकार सांगेल तेवढा भुईमूग पिकवायचा. केप व्हर्देच्या लोकांना मात्र हा कायदा लागू नव्हता. गोवेकरांप्रमाणे तेही कागदोपत्री नागरिक होते. बेटांवर शाळा जास्त आणि पोटाला काहीच नाही, अशी स्थिती असल्यामुळे तिथली शिकलेली माणसे गिनीत येऊन कारकून, तपासनीस, ठाणेदार होत. गिनीच्या शेतकऱ्याला रोज भेटणारे सरकार गोरे नव्हते. ते केप व्हर्देचे होते. पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या ठाण्याच्या ओट्यावर आहे.

आमिल्कार काब्राल अशाच एका केप व्हर्देयी शिक्षकाचा मुलगा. १२ सप्टेंबर १९२४ रोजी गिनीतल्या बाफाता गावी त्याचा जन्म झाला. शाळा झाली बेटांवर, मिंदेलो या बंदराच्या शहरात. तो शिकत होता त्या दशकात केप व्हर्देत लागोपाठ दोन दुष्काळ पडले, १९४१ ते ४३ आणि पुन्हा १९४७-४८. सुमारे एक लाख ऐंशी हजारांच्या वस्तीतली चाळीस हजारांच्या आसपास माणसे उपासमारीने गेली. लिस्बनहून धान्याची जहाजे वेळेवर आली नाहीत. या पिढीतल्या बहुतेक नेत्यांनी आपल्या गल्लीतली माणसे भुकेने मरताना पाहिली होती. काब्रालने लिस्बनला जाऊन कृषिविज्ञान शिकायचे ठरवले, ते याच वर्षांत. तिथल्या विद्यार्थी वसतिगृहात आणि क्लबांत त्याला अंगोलाचा आगोस्तिन्यो नेतो आणि मारियो द आंद्राद, मोझांबिकचा मार्सेलिनो दुश सांतुश भेटले. वसाहतींची पुढची सगळी चळवळ या दोस्तीतून निघाली.

१९५२ मध्ये तो सरकारी कृषितज्ज्ञ म्हणून गिनीत परतला आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे साऱ्या वसाहतीची शेतीगणना आली. या गणनेपाशी मी जरा थांबणार आहे, कारण तिचा पक्षाच्या विचारावर खोल परिणाम झाला. सरकारी खर्चाने, सरकारी शिक्क्याने काब्राल गावोगाव फिरला. कोण काय पेरतो, खारफुटीची दलदल बांध घालून कशी अडवतात, तिच्यातले मीठ पावसाने धुऊन गेल्यावर भात कसा लावतात, भुईमुगाला पोर्तुगीज कंपनी काय भाव देते, याची त्याने नोंद केली. बालांता जमातीत राजा नाही, सरदार नाही, गावचे वडीलधारे बसून निर्णय घेतात; फुला जमातीत मात्र सरदारांची उतरंड आहे आणि ते सरदार पोर्तुगीजांच्या बाजूचे आहेत, हे त्याला पाहता आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या देशात जमीनदारच नाही, हे त्याच्या लक्षात आले. गोऱ्या मळेवाल्यांनी जमिनी बळकावल्या नव्हत्या. जमीन गावाची होती. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपल्याकडे लाखोंना हलवणारी घोषणा तिथे दिली असती तर शेतकऱ्याने शांतपणे म्हटले असते, जमीन माझीच आहे की. म्हणून पक्षाने त्याच्याशी बोलणे सुरू केले ते भुईमुगाच्या भावावरून, करावरून आणि मारहाणीवरून. देशाची शेती आधी मोजून मग राजकारणाला लागलेला नेता मला दुसरा आठवत नाही.

पक्षाच्या परंपरेप्रमाणे त्याची स्थापना १९ सप्टेंबर १९५६ रोजी राजधानी बिसाऊत सहा जणांच्या बैठकीत झाली. आमिल्कार, त्याचा सावत्र भाऊ लुईश काब्राल आणि टपाल-तार खात्यातला अरिस्तिदेस परेरा त्या सहांत होते. सुरुवातीचे काम शहरातले, चोरून चाललेले. मग ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या खलाशी-हमालांवर गोळीबार झाला. पन्नास मेले असे पक्ष सांगत आला आहे. पुढच्याच महिन्यात पक्षाने शहर सोडून खेड्यांत जायचे ठरवले आणि पुढे मुख्य ठाणे शेजारच्या, गिनी याच नावाच्या दुसऱ्या देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत हलवले. तिथे अध्यक्ष सेकू तूरेच्या राजवटीने आसरा दिला.

इथे गोव्याचा धागा येतो. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या मुक्तिसंघटनांनी एक संयुक्त परिषद स्थापन केली. तिच्यात पीएआयजीसी होता, अंगोला-मोझांबिकचे लोक होते आणि गोव्याचे प्रतिनिधीही होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा या परिषदेसाठी राबले आणि पुढे मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले. १९८६ साली माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात त्यांचा अंत झाला. आपल्याकडे गोवामुक्तीचा इतिहास सांगताना दादरा-नगरहवेली, सत्याग्रह आणि डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई एवढाच सांगितला जातो. आफ्रिकेतली ही माणसे गोव्याकडे डोळे लावून बसली होती, हे त्यात राहून जाते.

गिनीतले युद्ध २३ जानेवारी १९६३ रोजी तीते इथल्या छावणीवरच्या हल्ल्याने सुरू झाले. त्याच्या साऱ्या लढाया मी सांगत नाही. मला महत्त्वाची वाटते ती फेब्रुवारी १९६४ ची कासाका इथली परिषद. वर्षभरात पक्षाने दक्षिणेत बराच मुलूख मोकळा केला होता आणि त्या मुलखात काही तुकडीप्रमुख स्वतःच राजे होऊन बसले होते. गावकऱ्यांना छळणे, बायका पळवणे, चेटकिणी ठरवून माणसे मारणे चालले होते. बाजूच्या कोमो बेटावर पोर्तुगीजांशी तुंबळ लढाई चालू असताना काब्रालने या प्रमुखांना सर्वांसमोर जाब विचारला. काहींना अटक झाली, काहींना देहदंड मिळाला. मग सैन्य पक्षाच्या हुकमतीखाली आणले गेले. गावोगाव पाच जणांची समिती नेमायची आणि त्यांत किमान दोन बायका हव्यात, हा नियम झाला. कार्यकर्त्यांसाठी काब्रालने पुढच्या वर्षी काढलेल्या सूचनांत बजावले होते की लोकांना खोटे सांगू नका, अडचणी लपवू नका, सोपे विजय मिरवू नका. स्वतःच्या बंदूकधाऱ्यांना शेतकऱ्यांच्या बाजूने शिक्षा करणारा पक्ष, हे दृश्य त्या भागातल्या लोकांनी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

याच काळात ‘लोकभांडारे’ निघाली. पोर्तुगीज कंपनीची दुकाने बंद पडल्यावर खेड्यात मीठ मिळेना, कापड मिळेना. पक्षाने रानात गवती छपराखाली दुकाने मांडली. पैशाचे नाव नाही. शेतकऱ्याने भात आणायचे, मध, मेण, कातडी, कोला नावाचे फळ आणायचे, आणि त्या बदल्यात मीठ, साखर, साबण, कापड, कोयता न्यायचा. कंपनी देत होती त्याहून चांगला मोबदला ठरवला होता. येणारे भात सैनिकांच्या पोटात जाई, उरलेला माल सीमेपलीकडे विकून पुन्हा मीठ-कापड येई. विमाने दुकाने जाळत. दुकाने दुसऱ्या झाडांखाली पुन्हा लागत. आता यातला व्यवहार पाहा. तिथे शेतकऱ्यावर कुणाची सक्ती चालत नव्हती. त्याने भात द्यायचे नाही ठरवले, रात्री वाट दाखवायची नाही ठरवले, तर तुकडी आठवड्याभरात उपाशी पडली असती. म्हणून पक्षाला मोबदला चांगला ठेवावाच लागे, शाळा काढाव्याच लागत, तक्रार ऐकावीच लागे. काब्रालचा प्रामाणिकपणा मी कमी लेखत नाही; तो त्या काळात विरळा होता. पण त्याच्या प्रामाणिकपणाला रोज तपासणारा कुणीतरी होता, आणि तो भाताची टोपली डोक्यावर घेऊन दुकानात येत होता.

तीस हजारांवर पोर्तुगीज सैन्य या चिमुकल्या देशात अडकले. १९६८ पासून राज्यपाल असलेल्या जनरल स्पिनोलाने रस्ते, दवाखाने, सरदारांच्या सभा यांतून लोकांना वळवायचा प्रयत्न केला. मे १९७२ मध्ये तो सेनेगलचे अध्यक्ष सेंगोर यांना भेटून वाटाघाटींचा मार्गही काढू पाहत होता. पंतप्रधान कायतानोने तो अडवला. तडजोडीपेक्षा सन्मानाने झालेला लष्करी पराभव परवडला, असे कायतानो म्हणाल्याचे स्पिनोलाने पुढे लिहून ठेवले. हे ऐकल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांना काय आठवले? गोवा आठवला. डिसेंबर १९६१ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांनी निष्कारण रक्तपात टाळून शरणागती पत्करली. युद्धकैदी मायदेशी परतले तेव्हा त्यांचे स्वागत बंदूक रोखून झाले आणि सिल्व्हा यांना सैन्यातून काढून टाकले. सरकार युद्ध हरणार आणि खापर आमच्या माथी फोडणार, हा धडा अधिकाऱ्यांनी गोव्यातून घेतला होता.

गिनीत त्याची पुनरावृत्ती दिसू लागली. मार्च १९७३ मध्ये पक्षाच्या हाती सोव्हिएत बनावटीची, खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे आली आणि विमाने पडू लागली. आकाश गेले तसे जमिनीवरचे दूरचे तळ एकाकी पडले. २२ मे रोजी दक्षिणेतला गिलेजे हा तळ तिथल्या मेजरने हुकमाशिवाय रिकामा केला, आपले शिपाई आणि सोबतचे गावकरी जिवंत बाहेर काढले. त्याला थेट तुरुंगात टाकले. वर्षभराने, २५ एप्रिल १९७४ रोजी, लिस्बनची हुकूमशाही उलथवणाऱ्या कप्तानांत गिनीत लढलेले अधिकारी आघाडीवर होते. पोर्तुगालला लोकशाही मिळाली त्यात गिनीच्या शेतकऱ्याचा वाटा आहे, आणि गोव्यात झालेल्या त्या शरणागतीचाही. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी.

काब्राल मात्र हे पाहायला उरला नव्हता. २० जानेवारी १९७३ च्या रात्री, कोनाक्रीत, पक्षाच्याच नौदलातल्या इनोसेन्सियो कानी या माणसाने त्याला घरासमोर गोळ्या घातल्या. अरिस्तिदेस परेराला बांधून बोटीत घातले होते. तो समुद्रात सोडवला गेला. कटामागे पोर्तुगीज गुप्त पोलीस किती, पक्षातली फूट किती, यावर वाद चालूच आहे. पण कटवाल्यांना एकत्र आणणारी तक्रार जुनीच होती: रानात मरायचे आम्ही गिनीवाल्यांनी आणि कोनाक्रीतून हुकूम सोडायचे केप व्हर्देवाल्यांनी. ठाण्याच्या ओट्यावरचा तो कारकून पक्षात शिरला आहे, असे त्यांना वाटत होते. काब्रालने हा प्रश्न ओळखला होता. शिकलेल्या मध्यमवर्गाने आपले वर्गीय स्थान स्वतः होऊन सोडले पाहिजे, असे त्याने १९६६ साली हवानात मांडले. पण ती अपेक्षा माणसाच्या नीतीकडून होती. त्यासाठी पक्षाने कुठलीही यंत्रणा उभी केली नव्हती.

त्याच्या मागे पक्ष कोसळला नाही, हे त्याच्या बांधणीचे श्रेय. आदल्या वर्षी मोकळ्या मुलखात निवडणुका झाल्याच होत्या. २४ सप्टेंबर १९७३ रोजी मदीना दो बोए भागात राष्ट्रीय सभेने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९३ विरुद्ध ७ मतांनी त्याचे स्वागत केले. पोर्तुगालने १० सप्टेंबर १९७४ ला मान्यता दिली. ५ जुलै १९७५ ला केप व्हर्देही स्वतंत्र झाला. बिसाऊत लुईश काब्राल अध्यक्ष, बेटांच्या राजधानीत, प्राइयात, अरिस्तिदेस परेरा अध्यक्ष आणि पेद्रो पिरेस पंतप्रधान.

आता गिनीत काय झाले ते सांगतो, आणि ते सांगताना मला वाईट वाटते. पोर्तुगीज सैन्यात लढलेल्या शेकडो आफ्रिकी शिपायांना खटल्याविना ठार करून पुरले गेले. ज्या पक्षाने कासाकात स्वतःच्या माणसांवर उघड्यावर खटला चालवला, त्याने हे अंधारात केले. नेते बिसाऊत राहायला आले, गावच्या समित्या सुकल्या. परदेशी मदत भरपूर येत होती. त्या मदतीतून कुमेरे इथे भुईमूग आणि भाताचा अवाढव्य कारखाना उभारायला घेतला. त्याची क्षमता साऱ्या देशाच्या पिकापेक्षा जास्त होती. मोटारी जोडण्याचाही कारखाना निघाला. लोकभांडारे सरकारी मक्तेदारी झाली. शेतकऱ्याच्या भाताला त्यांनी पडेल भाव ठरवला आणि बदल्यात द्यायला फळ्यांवर ना साबण, ना कापड. शेतकऱ्याने वाद घातला नाही. त्याने भात रातोरात सेनेगलमध्ये नेऊन विकायला सुरुवात केली, किंवा घरापुरतेच पेरले. रानातल्या तुकडीला हा नकार आठवड्यात जाणवला असता. बिसाऊच्या सरकारला तो जाणवायला पाच वर्षे लागली, कारण तोवर मदतीच्या तांदळाची जहाजे धक्क्याला लागत होती.

१९८० साली राजधानीत तांदळासाठी रांगा लागल्या. त्याच वर्षी दोन्ही देशांत नव्या घटना मंजूर झाल्या आणि गिनीच्या सैनिकांना त्यांत केप व्हर्देवाल्यांचेच पारडे जड दिसले. १४ नोव्हेंबर १९८० रोजी पंतप्रधान असलेल्या नीनो व्हिएराने, पक्षाच्या सर्वांत नावाजलेल्या सेनानीने, लुईश काब्रालला पदच्युत केले. दक्षिणेच्या लढाईतला हा वीर लोकांचा लाडका होता. बिसाऊत त्या दिवशी आनंद झाला, हेही नमूद केले पाहिजे. पण कासाकात घातलेला नियम त्या रात्री मोडला. सैन्याने पक्षाला हलवले, आणि ते पुन्हा पक्षाच्या हुकमतीखाली आले नाही.

केप व्हर्देने लगेच वेगळे व्हायचे ठरवले. २० जानेवारी १९८१ रोजी, काब्रालच्या स्मृतिदिनीच, तिथल्या शाखेने नावातली गिनी काढून पीएआयसीव्ही हा पक्ष केला.

बेटांवर लढाई झालीच नव्हती. त्यामुळे विजयाचा हक्क सांगणारे स्वतंत्र सैन्यही तिथे नव्हते. होता तो १९६८ पासून सलग चाललेला अवर्षणाचा काळ. देशात खाण नाही, नदी नाही, निम्म्याहून अधिक धान्य बाहेरून आणायचे. मदतीचे धान्य आले तर या सरकारने ते फुकट वाटायचे नाही असे ठरवले. धान्य बाजारभावाने विकायचे, आलेला पैसा एका निधीत टाकायचा आणि त्यातून कामांवर मजुरी द्यायची. महाराष्ट्राला हे परके वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात आपली रोजगार हमी याच गरजेतून वाढली. डोंगरउतारावर दगडी बांध घालणे, पावसाचे चार थेंब अडवणारे खड्डे खणणे, त्यांत झाडे लावणे, रस्ते बांधणे अशी ती कामे. पोत्यांचा हिशेब मदत देणाऱ्यांना दाखवावा लागे, आणि तो चोख असे. १९४७ ची भूक आठवणारी माणसे तो हिशेब ठेवत होती. अवर्षण चालू राहिले, पण उपासमारीने माणसे मेली नाहीत. शिवाय जितके केप व्हर्देयी बेटांवर राहतात त्याहून जास्त बाहेर राहतात असे म्हणतात. लिस्बन, रॉटरडॅम, बॉस्टनच्या बाजूला राबणाऱ्या या माणसांनी पैसे पाठवणे थांबवले असते, तर सरकारला चार महिने काढता आले नसते. मी सुरुवातीला म्हटले ते हेच. इथे सरकारला लोकांची गरज उरली होती.

ही राजवट आदर्श नव्हती. एकच पक्ष, सरकारी वृत्तपत्र, विरोधकांना अटक. ऑगस्ट १९८१ मध्ये सांतो आंतांव बेटावर जमीनसुधारणेविरुद्ध जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. परेरा आणि पिरेस यांना ही जबाबदारी झटकता येणार नाही. तरीही १९९० मध्ये, रस्त्यावर मोठा उठाव झालेला नसताना, पक्षाने आपल्या एकमेवपणाचे कलम घटनेतून काढले. १३ जानेवारी १९९१ च्या निवडणुकीत नव्या विरोधी पक्षाला ७९ पैकी ५६ जागा मिळाल्या. महिन्याभराने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत खुद्द परेरा दणकून हरले. स्वातंत्र्य आणणारा माणूस सामान घेऊन घरी गेला. आज १३ जानेवारी ही तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. नव्या सरकारने ध्वज बदलला, काही वर्षांनी राष्ट्रगीतही. जुन्या लढवय्यांना ते लागले असणार. पण कुणी बंदुकीला हात घातला नाही. २००१ साली पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि पेद्रो पिरेस अध्यक्षपदाची निवडणूक अवघ्या १२ मतांनी जिंकले. १२! विरोधी उमेदवार कार्लुश व्हेइगा न्यायालयात गेले, न्यायालयाने निकाल दिला, त्यांनी तो मानला. २०१६ मध्ये पक्ष संसदेत पुन्हा हरला आणि पुन्हा विरोधी बाकांवर जाऊन बसला.

गिनीची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात तोच प्रकार पुन्हा पुन्हा येतो. १९८६ मध्ये व्हिएराने कटाच्या आरोपावरून आपल्या जुन्या सहकाऱ्यांना, उपाध्यक्ष पाउलो कोर्रेया यांच्यासह, गोळ्या घातल्या. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली आणि तो जिंकला. १९९८ मध्ये त्याने काढून टाकलेल्या सेनाप्रमुखाने बंड केले आणि अकरा महिन्यांच्या युद्धानंतर त्याला हाकलले. २००५ मध्ये तो परत निवडून आला. मार्च २००९ मध्ये सेनाप्रमुख बॉम्बस्फोटात मेला आणि काही तासांत सैनिकांनी व्हिएराला त्याच्या घरी ठार केले. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या दोन फेऱ्यांच्या मधेच पुन्हा बंड झाले. बहुपक्षीय काळात पाच वर्षांची मुदत पुरी करणारा पहिला निर्वाचित अध्यक्ष मिळायला २०१९ उजाडले.

आणि शेतकरी? तो आता काजू लावतो. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी जे झाड गोव्यात आणले तेच गिनीतही नेले. देशाच्या निर्यातीचा बहुतेक सारा भाग आज कच्च्या काजूचा आहे, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक अनेक वर्षे भारत राहिले आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत फुटणाऱ्या बियांत आफ्रिकेतल्या बियाही असतात. हंगामात व्यापारी गावात येतो आणि काजूच्या बदल्यात परदेशातून आणलेला तांदूळ देतो. चांगल्या वर्षी किलोला किलो. भाव पडला की दोन किलो काजूला एक किलो तांदूळ. जिथे लोकभांडारे होती त्याच मुलखात, भात पिकवणाऱ्या बालांता शेतकऱ्याला, आज हा सौदा करावा लागतो, आणि मोबदला ठरवताना त्याच्या बाजूने बसणारा पक्ष तिथे नसतो. पीएआयजीसीने एवढे जरी पुन्हा हाती घेतले, तरी त्याला काब्रालचे नाव घेण्याचा अधिकार आहे असे मी मानेन.

कारण लोकांनी त्याला पूर्ण टाकलेले नाही. शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकवणाऱ्या या देशात २०१४ आणि २०१९ च्या संसदीय निवडणुकांत ऐंशी टक्क्यांहून जास्त मतदान झाले. जून २०२३ मध्ये पक्षाच्या आघाडीला बहुमत मिळाले. सहा महिन्यांत अध्यक्ष एम्बालो यांनी संसद बरखास्त केली. नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयाने पक्षाच्या नेत्याचा, दोमिंगुश सिमोएंश परेरा यांचा, अर्ज नाकारला, आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच मतपत्रिकेवर पीएआयजीसीचे नाव नव्हते. लोक तरीही मतदानाला गेले. २३ तारखेला मतदान झाले, आणि निकाल लागायच्या आदल्या दिवशी, २६ तारखेला, सैन्याने सत्ता घेतली. ती मते मोजून जाहीर करा, अशी मागणी बिसाऊत तेव्हाच उठली. भारत सरकारने ती उचलून धरावी. आपला देश त्यांचा काजू घेतो आणि १९६१ साली त्यांची माणसे आपल्या बाजूने उभी राहिली होती. एवढा संबंध पुरेसा आहे.